चौसष्ट अंश, आठ इंच खोल

हृदयाची झडप बदलायची की नाही, हा निर्णय नॉर्बर्ट व्हेसेल यांनी एका किड्यावर सोपवला. आणि तो किडा आला की नाही हे ठरवण्याची जबाबदारी त्यांच्या जावयावर येऊन पडली.

जावई म्हणजे रसेल केम्पर. ओहायोच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावाच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात त्याने बत्तीस वर्षे रसायनतज्ज्ञ म्हणून काढली होती. निवृत्तीनंतर माणूस जरा सैल पडतो असे म्हणतात. रसेल अधिकच आवळला गेला होता. हवामानाचा अंदाज, मतदानाचे कौल, शेजाऱ्याचे गुडघेदुखीवरचे औषध, यांपैकी काहीही कानावर आले की तो शांतपणे एकच शब्द विचारी, "कशावरून?" या शब्दामुळे त्याचे मित्र मोजके राहिले होते, पण जे राहिले होते ते तपासून घेतलेले होते.

शल्यविशारद बाई ॲरिझोनाच्या. नॉर्बर्टनी सिकाडा किडे येईपर्यंत थांबायचे म्हटल्यावर त्या हसल्या.

"सिकाडा? अहो, ते तर दर ऑगस्टला माझ्या अंगणात कर्कश ओरडत असतात. ऑगस्टपर्यंत ही झडप थांबणार नाही."

त्र्याऐंशी वर्षांचे नॉर्बर्ट तपासणीच्या टेबलावर कागदी झबल्यात बसले होते. त्यांनी जावयाकडे मान वळवली. "प्रोफेसर, ह्या बाईंना फरक समजावून सांग. मग मी ठरवतो, ह्यांच्या हाती सुरी द्यायची की नाही."

रसेलने समजावले. ऑगस्टचे सिकाडा ते दरवर्षीचे: अंगाने जाड, हिरवट, डोळे काळपट, एकेकटे येणारे. दरवर्षी येतात म्हणून त्यांचे आयुष्य वर्षाचे असते असे नव्हे; दरवर्षी कुणाची ना कुणाची पाळी असते, एवढेच. दुसरे सतरा वर्षांचे. ते आकाराने लहान, अंग काळेभोर, डोळे लाल, पंखांच्या शिरा नारिंगी. सतरा वर्षे जमिनीखाली मुळांचा रस पीत बसतात आणि मे महिन्यात, आठ इंच खोलीवर माती चौसष्ट अंश फॅरनहाइटला पोचली की, एकाच आठवड्यात लाखोंनी वर येतात. या परगण्यात ते दोन हजार आठ साली आले होते. म्हणजे यंदा पुन्हा.

"मुद्द्याचं राहिलंच," नॉर्बर्ट म्हणाले. "ऑगस्टचा किडा पाण्यात पडला तर मासा विचार करतो. सतरा वर्षांचा पडायला लागला की मासा विचार करणं सोडतो. तळाशी चिखल चिवडणारा कार्पसुद्धा वर येऊन तोंड उघडतो. डॉक्टरीणबाई, पुढच्या वेळेला मी शंभर वर्षांचा असेन. तेव्हा माझा नेम चुकेल."

बाईंनी पाच जून ही तारीख दिली. चार तारखेला सकाळी आठ वाजता दाखल व्हायचे. त्यापुढे एक दिवसही नाही. बाहेरच्या बाकावर मात्र त्यांनी नॉर्बर्टच्या मुलीला, म्हणजे रसेलच्या बायकोला, कॉनीला, आवाज खाली आणून सांगितले की ही झडप न बदलता त्यांना पुढचा नाताळ दिसेल असे त्या म्हणू शकत नाहीत.

घरी आल्यावर नॉर्बर्टनी फ्रिजवरच्या यादीच्या वहीत करार लिहिला. मोठी पिवळी यंत्रे चालवून जमिनी सपाट करण्यात उभे आयुष्य गेल्यामुळे त्यांचे अक्षरही रुळलेल्या रस्त्यासारखे रुंद होते. *ह्या वसाहतीच्या तळ्यावर सतरा वर्षांचे सिकाडा आले, आणि मी त्यांच्या जोरावर 'बिशप'ला गळाला लावून पाहिलं, की मी इस्पितळात जाईन. त्याआधी नाही.* बिशप हा तळ्यातला एक अवाढव्य कार्प. नॉर्बर्ट त्याच्या मागे सहा वर्षे होते आणि त्याने त्यांना सहा वर्षे आशीर्वादही दिला नव्हता.

"डॅड, आणि नाही आले तर?" कॉनीने विचारले.

"यायलाच पाहिजेत. प्रोफेसर आहे ना घरात."

रसेलने जुन्या नोंदी पाहिल्या, आलेख काढला आणि अंदाज दिला: बावीस मे, दोन दिवस इकडे किंवा तिकडे. स्वतःच्या हाताने तारीख लिहून खाली सही केली. आयुष्यात त्याने केलेल्या सह्यांमध्ये ही सर्वांत अनावश्यक होती.

त्यानंतर तापमापी आला. तो पुरण्यासाठी रसेलने मागच्या हिरवळीत आठ इंचांचा एक खड्डा खणला, आणि तिसऱ्या दिवशी हेरन ग्लेन या त्यांच्या वसाहतीच्या गृहमालक मंडळाचे पत्र दारात पडले. विषय: अनधिकृत उत्खनन. सोबत अर्जाचा नमुना. त्यात खड्ड्याचे प्रयोजन विचारले होते आणि तीन पर्याय दिले होते: झाड, कुंपणाचा खांब, पाळीव प्राण्याचे दफन. डॅरिल प्रुइट या शेजाऱ्याने कुंपणावरून सल्ला दिला, "दफन लिही. दफनाला कुणी प्रश्न विचारत नाही. मी गेल्या वर्षी त्याच नावाखाली गरम पाण्याचा टब बसवला."

"पण दफन नाहीये ना."

"अरे, तापमापी पुरतोयस की! पुरणं ते पुरणं."

रसेलने 'इतर' असा चौथा चौकोन स्वतः आखला, त्यात बरोबरची खूण केली आणि पुढे 'तापमान' असे लिहिले. मंडळाने कळवले की तापमान हे प्रयोजन होऊ शकत नाही. रसेलने दोन पानी उत्तर धाडले. दहा दिवसांनी एका खड्ड्यास परवानगी मिळाली, दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्यांच्या अटीवर. डॅरिलने सही लगेच दिली. पण सहीबरोबर हस्तक्षेपाचा हक्क आपोआप मिळतो अशी त्याची समजूत होती.

मे थंड निघाला. माती साठावर अडकली, मग एकसष्ट, मग परत साठ. एका सकाळी तापमापीने एकाहत्तर दाखवले आणि रसेल पायजम्यावरच "कॉनी! एकाहत्तर!" असे ओरडत घरात धावला. रसेल ओरडला, ही घटना त्या घरात सिकाडांपेक्षा दुर्मीळ होती. परत येऊन त्याने वाकून पाहिले, तर मातीला कॉफीचा वास येत होता.

"तिला जरा हुशारी यावी म्हणून," डॅरिल कुंपणापलीकडून म्हणाला. "उरलीच होती."

बावीस तारीख गेली. चोवीस गेली. सव्वीस तारखेला माती प्रामाणिकपणे चौसष्टला पोचली आणि काहीही वर आले नाही. रेडिओ मात्र सांगत होता की परगण्यात जागोजाग सिकाडा निघाले आहेत, कुठल्याशा लग्नात नवरीच्या चेहऱ्यावरच्या जाळीत अकरा सापडले. या भागात पोरीचे लग्न ठरवताना लोक आधी सतराचा पाढा म्हणतात. त्या कुटुंबाने म्हटला नसावा. रसेलने या विसंगतीवर उपपत्ती मांडली: तळ्यामुळे वसाहतीची हवा थंड, म्हणून उशीर. ती ऐकून कॉनीने फक्त एक शब्द विचारला.

"कशावरून?"

बत्तीस वर्षांत तिने तो शब्द प्रथमच वापरला होता, आणि तो बरोबर जागी लागला.

नॉर्बर्ट मात्र रोज सकाळी तळ्याकाठी खुर्ची टाकून बसत. काळ्या-नारिंगी फोमचे त्यांनी स्वतः बांधलेले खोटे किडे टोपीला ओळीने टोचलेले. जिना चढताना त्यांना आता दोनदा थांबावे लागे. दुसऱ्यांदा थांबत तेव्हा ते भिंतीवरच्या तसबिरी बघत असल्याचे नाटक करत. "आले का रे, प्रोफेसर?" ते विचारत. "नाही," रसेल म्हणे. "मग थांबू," ते म्हणत. आवाजात निराशा नसे. हे रसेलच्या ध्यानात आले होते. पण त्याला मोजपट्टी लावता येत नसल्यामुळे त्याने ते नोंदवले नव्हते.

एक जूनला सकाळी डॅरिल हातात रिकामी दिसणारी बरणी नाचवत अंगणातून धावत आला.

"आले! नॉर्ब, आले! हा बघा, माझ्या मेपलवर!"

बरणी रिकामी नव्हती. तळाशी एक सिकाडा होता. लाल डोळ्यांचा. कॉनी स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली आणि नको तितक्या लवकर म्हणाली, "डॅड, बघा! लाल डोळे! आता आज गळ टाका, आणि परवा बॅग भरू."

नॉर्बर्टनी बरणीकडे पाहिलेही नाही. त्यांनी जावयाकडे पाहिले.

"प्रोफेसर, तू सांग. तू म्हणालास हा तोच, तर तोच. मी वाद घालणार नाही."

रसेलने बरणी उजेडात धरली. तीन सेकंद पुरेसे होते. किडा मोठा होता. पाठ हिरवट, पंखांच्या शिरा हिरव्या, अंग लाकडासारखे वाळलेले. गेल्या ऑगस्टचा. डोळ्यांवर लाल रंगाचा जो थर होता तो डाव्या बाजूला किंचित ओघळला होता, आणि तीच छटा या क्षणी कॉनीच्या उजव्या अंगठ्यावर होती.

कॉनी त्याच्याकडे बघत होती. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे इतके स्पष्ट काही मागितले नव्हते. एक शब्द, 'हो'. त्या शब्दावर म्हातारा माणूस टेबलावर जाऊन झोपणार होता आणि बहुधा नाताळ पाहणार होता. विज्ञानाचे यात काय बिघडणार होते? किड्याला तर काहीच वाटणार नव्हते. डॅरिल नॉर्बर्टच्या पाठीमागून दोन्ही हातांनी खुणा करत होता, गाडी मागे घेणाऱ्याला करतात तशा.

"हा दरवर्षीचा आहे," रसेल म्हणाला. "गेल्या वर्षीचा. मेलेला. आणि डोळ्यांना नखांचा रंग लावलाय."

मग नॉर्बर्टनी बरणी घेतली, किडा तळहातावर ओतला आणि डॅरिलला म्हणाले, "तुझ्या बोटीच्या काचेखाली पडलेला ना हा? सप्टेंबरपासून बघतोय मी ह्याला. ओळख झालीये आमची."

त्या दिवशी कॉनी रसेलशी एवढेच बोलली. "तुझं बरोबर होतं ना? बरं. आता डॅड गेल्यावरही असाच बरोबर राहा."

दोन तारखेच्या दुपारपर्यंत रसेलने हे वाक्य सोसले. मग त्याने बादली घेतली. सिकाडा तळ्यावर येत नसतील तर खरेखुरे, जिवंत, लाल डोळ्यांचे सिकाडा आपण तळ्यावर न्यावेत. करारात 'आले' असे म्हटले होते, 'चालत आले' असे नव्हे. ही पळवाट होती हे त्याला कळत होते, पण पळवाटेतला प्रत्येक किडा अस्सल असणार होता.

सात मैलांवर, बार्कर नदीच्या वळणावर, जर्मन वसाहतवाल्यांची जुनी दफनभूमी आहे. गाडीची काच खाली करण्याआधीच आवाज अंगावर आला. शंभर सुतार एकाच वेळी रंधा मारत असावेत तसा. जुन्या ओकांच्या बुंध्यांवर, थडग्यांवर, देवदूतांच्या नाकांवर सिकाडा. रसेलने बादली भरायला घेतली, तोच तिथला राखणदार आला.

"काय नेताय?"

"सिकाडा."

"पवित्र जमिनीतून काही न्यायचं तर फादरची चिठ्ठी लागते. फुलंसुद्धा नेऊ देत नाही मी."

"फादर कुठे आहेत?"

"लग्न लावायला. तिथंही हेच चाललंय," असे म्हणत त्याने रसेलच्या खांद्यावरून दोन सिकाडा उचलून पवित्र जमिनीवर परत ठेवले. "हवेच असतील तर जुन्या भागातनं तरी नेऊ नका. तिकडच्या नव्या भागात जा. ती जमीन अजून पवित्र केलेली नाही."

रसेल नव्या भागात गेला. तिथे गवत छान होते, कोवळी झाडे ओळीत होती, आणि सिकाडा एकही नव्हता. एकही नाही, आणि मागे वीस पावलांवर लाखो. मधली सीमा पट्टीने आखल्यासारखी.

"ही जमीन कधी वाढवली?"

"आठ वर्षं झाली. झाडं काढली, वरची माती खरवडून नेली."

रसेलने बादली खाली ठेवली. सतरा वर्षांचा किडा वर यायचा तर सतरा वर्षांपूर्वी त्याच्या आईने तिथल्या झाडावर अंडी घातलेली असावी लागतात, आणि मधल्या काळात ते झाड, ते मूळ, ती माती जागेवर राहावी लागते. हेरन ग्लेन वसाहत तेरा वर्षांपूर्वी वसवली. जमीन पाटासारखी सपाट करून. महिनाभर तो अंशाच्या दहाव्या भागापर्यंत अचूक तापमान मोजत होता, अशा मातीचे, जिच्यात मोजण्यासारखे कुणी राहतच नव्हते. मंडळाचे पत्र, दोन पानी उत्तर, कॉफी. जगातल्या प्रत्येकाला 'कशावरून' विचारणाऱ्या माणसाने पायाखालच्या जमिनीला काही विचारले नव्हते.

आणि मग दुसरी गोष्ट सुचली, जी पहिलीपेक्षा वाईट होती. ती जमीन सपाट कोणी केली होती?

नॉर्बर्ट तळ्याकाठी होते. रसेल त्यांच्या शेजारी गवतावर बसला.

"ह्या तळ्यावर सिकाडा येणारच नव्हते."

"नाही."

"तुम्हाला माहीत होतं."

"इथला शेवटचा ओक मीच उपटला, प्रोफेसर. तेरा वर्षांपूर्वी. माझं शेवटचं काम." ते पाण्याकडे बघत राहिले. "मला वाटलं तू पहिल्या दिवशी ओळखशील. तू तर खड्ड्याची परवानगी काढायला निघालास. मला तुझी लाज वाटायला लागली होती."

"मग हे सगळं कशासाठी?"

"सबबीला सतरा वर्षांची मुदत मिळत असेल तर कोण सोडतो?"

रसेलला बरेच काही बोलता आले असते. कॉनीचे नाव घेता आले असते. पण रडवणे हा त्याचा प्रांत नव्हता. तो म्हणाला, "बार्करच्या वळणावर, दफनभूमीखाली, कार्प वर आलेत. मी पुलावरून मोजले. एका मिनिटात एकोणचाळीस तोंडं."

नॉर्बर्टची मान हळूहळू वळली. "केवढी तोंडं?"

"कॉफीच्या कपाएवढी."

भीती आणि एकोणचाळीस तोंडे यांचा म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जो झगडा चालला, तो दिसू नये म्हणून रसेल सभ्यपणे तळ्याकडे बघत राहिला.

"सकाळी सहाला," शेवटी नॉर्बर्ट म्हणाले. "ऊन चढायच्या आत. पण इस्पितळाचं मी काही बोललेलो नाही, लक्षात ठेव."

वसाहतीचे तळे खासगी होते. नदीवर सरकारी परवाना हवा. तीन तारखेला पावणेसहा वाजता ते दोघे गळाच्या दुकानात उभे होते. यंत्रासमोरच्या बाईंनी जन्मतारीख, उंची, वजन, केसांचा रंग विचारला ("होता तेव्हा तपकिरी") आणि मग त्या उत्साहाने म्हणाल्या, "ज्येष्ठांसाठी छान सवलती आहेत. एका दिवसाचा देऊ, एका वर्षाचा, पाच वर्षांचा, की आजन्म? आजन्मच घ्या, आजोबा. त्यातच फायदा असतो."

दुकानातल्या आमिषाच्या टाकीचे बुडबुडे ऐकू येऊ लागले.

"एका दिवसाचा," नॉर्बर्ट म्हणाले.

नदीवर बोलणे शक्य नव्हते. झाडे किंचाळत होती. फांद्यांवरून सिकाडा टपटप पाण्यात पडत होते आणि त्यांच्याभोवती जाड ओठ उघडत, मिटत होते. नॉर्बर्टनी काळा-नारिंगी किडा लावला, काठी मागे नेली आणि दोरा असा टाकला की रसेलला क्षणभर ते त्र्याऐंशीचे असल्याबद्दल पुरावा मागावासा वाटला. किडा पाण्यावर बसला. एक तोंड उघडले. विचार न करता मिटले.

रीळ ओरडले. डॉक्टरांनी दहा पौंडांहून जड काही उचलू नये असे लिहून दिले होते. पाण्यातले प्रकरण पंधराच्या खाली नव्हते. रसेलने डाव्या हाताने सासऱ्याचा पट्टा मागून धरला आणि उजव्या हाताची बोटे त्यांच्या मनगटावर ठेवली.

"माझी नाडी सोड, दोरा बघ!"

"एकशे अठ्ठावीस! काठी माझ्याकडे द्या!"

"देतो बरं! जा, जाळं घे!"

"एकशे चौतीस, आणि मधे एक ठोका चुकतोय!"

"तो चुकू दे, हा सुटता कामा नये!"

नॉर्बर्टचे ओठ निळसर झाले होते. रसेलला कॉनीचे वाक्य आठवले, बरोबर असण्याबद्दलचे, आणि त्याने आयुष्यात प्रथमच कुठलेही मोजमाप न करता नदीत उडी टाकली. पाणी मांडीपर्यंत होते, दगड शेवाळलेले होते. तो पडला, उठला, पुन्हा पडला, आणि दुसऱ्यांदा पडला तो माशावरच. जाळ्याचा उपयोग झाला नाही. तो कार्पला मिठीत घेऊन काठावर आला. चष्मा नव्हता, आणि कॉलरच्या आत तीन अस्सल सतरा वर्षांचे सिकाडा गात होते.

नॉर्बर्ट एका सपाट दगडावर बसले होते. श्वास जागेवर यायला सहा मिनिटे लागली. रसेलने ती मोजली, कारण दुसरे काही करता येत नव्हते. मासा त्यांनी स्वतः पाण्यात सोडला, दोन्ही हातांनी, तो शेपूट हलवीपर्यंत धरून. मग त्यांच्याजवळ करण्यासारखे काही उरले नाही.

"कॉनी म्हणते काही होणार नाही," ते म्हणाले. आवाज झाडांखाली जेमतेम ऐकू येत होता. "डॉक्टरीणबाई म्हणतात काळजी करू नका. डॅरिल म्हणतो त्याचा मेहुणा तिसऱ्या दिवशी नाचला. सगळे नखांचा रंग लावून बोलतायत. तू अजून काही बोलला नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आता विचारतो. खरा आकडा सांग."

रसेलने तो आकडा तीन आठवड्यांपूर्वीच काढून ठेवला होता, चार ठिकाणांहून, वय आणि मूत्रपिंडे धरून. त्याने अंगावरून पाणी निथळत असताना तो तसाच सांगितला.

"शंभरात शहाण्णव घरी येतात."

"आणि चार?"

"येत नाहीत."

"आणि नाही केलं तर?"

"वर्षभराने निम्मे उरतात. कदाचित कमी."

नॉर्बर्टनी नदीकडे पाहिले. मग त्यांनी हात पुढे केला, आणि रसेलने त्यांना दगडावरून उठवले. त्यांचे वजन त्याला वाटले होते त्याहून कितीतरी कमी भरले.

"चल, गाडी काढ. बॅग भरायची आहे," ते म्हणाले. "आणि शहाण्णव कॉनीला सांगू नकोस. तिला शंभर सांग."

"मी तसं सांगू शकत नाही."

"मग तू गप्प बस. मी सांगतो."